उभ्या गाडीचा ब्रेक

मासिकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली, की आमच्या वर्गात विषयांची वाटणी आपोआप होते. कोणी आईवर लिहिते, कोणी पावसावर, कोणी सहलीवर. आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने काही लिहिलेच तर ते अर्थसंकल्पावर लिहावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. मी हँडब्रेकवर लिहिते आहे. "हे विनोदी सदरात घालू का?" असे संपादक मंडळातील एका मैत्रिणीने विचारलेही. विषय विनोदी नाही. गेल्या दिवाळीच्या आधी माझी आजी बसली असताना एक गाडी चालकाशिवाय चालू लागली, तेव्हापासून तर मला तो मुळीच विनोदी वाटत नाही.

गाडीला दोन ब्रेक असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पायाचा ब्रेक धावती गाडी थांबवतो. हातचा ब्रेक थांबलेली गाडी उभी ठेवतो. ही दोन कामे एक नव्हेत. मराठीत 'थांबणे' आणि 'उभे राहणे' असे दोन वेगळे शब्द आहेत, ही आपल्या भाषेची सोय म्हणायची. आईचे माहेर बीदरचे. तिकडे घरात अर्धे मराठी, अर्धे कन्नड. कन्नडमध्ये 'निल्लु' या एकाच शब्दात थांब आणि उभा राहा ही दोन्ही आज्ञापत्रे एकदम निघतात. पण गाडीला कन्नड कळत नाही, याचा अनुभव आजीला आला.

मामाचा फराळाच्या पदार्थांचा छोटा व्यवसाय आहे. काचीगुड्याच्या घरी माल तयार होतो आणि मारुती ओम्नीतून शहरभर पोचवला जातो. (ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, पण काचीगुड्यात फिरून पाहावे, तिला कोणी ते कळवलेले दिसत नाही.) दसरा झाला, की मालाची धावपळ सुरू होते आणि मीही डबे उचलायला जाते. त्या संध्याकाळी बंजारा हिल्समधल्या एका उताराच्या रस्त्यावर मामाने गाडी लावली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. हँडब्रेक असताना गिअर कशाला, ही त्याची वीस वर्षांची सवय. आजीचे गुडघे दुखतात म्हणून ती पुढच्या सीटवर बसून राहिली. आम्ही दोघे चकल्यांचे डबे घेऊन फाटकापर्यंत गेलो असू. मागून आजीचा आवाज आला, "निल्लु! निल्लु!" वळून पाहिले, तर ओम्नी अगदी सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी, पुढे निघाली होती.

पाच-सहा फूट गेली असेल. एका बांधकामापुढे वाळूचा ढीग होता, त्यात पुढचे चाक रुतले आणि गाडी थांबली. ढिगापलीकडे दोन लहान मुले सायकलची साखळी बसवत बसली होती. त्यांनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा साखळीत लक्ष घातले. आजीच्या केसालाही धक्का लागला नाही. पण मामा वाळूवरच बसला आणि बराच वेळ उठला नाही. आजीच्या शेजारी हँडब्रेक जसाच्या तसा वर ओढलेला होता. तिने आणखी काय ओढायचे?

आता खरी गोष्ट. त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी मामाने एका गॅरेजात 'हँडब्रेक ढिला झालाय' म्हणून गाडी दाखवली होती. तिथल्या माणसाने दहा मिनिटांत काम करून दिले. पूर्वी दांडा खांद्यापर्यंत येतो की काय असे वाटे. आता तीनच 'कट्' वाजले, की तो घट्ट. मामा खूश होता. आमची गल्ली सपाट आहे, तिथे गाडी जागची हलत नसे. म्हणजे ब्रेक दुरुस्त झाल्याची खात्री मामाला देत होता तो घट्ट लागणारा दांडा. चाकाला कोणी विचारलेच नव्हते.

वाळूच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो ते घरापासून जवळच असलेल्या एका वृद्ध उस्तादांकडे. मामाने सगळे सांगितल्यावर ते म्हणाले, "तार कू नक्को छेड़ो. पैले अंदर देखेंगे." येथे थोडे विषयांतर करते. दक्खिनीतला हा 'नक्को' आपल्या 'नको'वरून गेलेला, आणि 'वैसाइच', 'आजीच' यांतला ठासून बोलायचा 'च'ही आपलाच. हैदराबादेत परभाषेच्या गॅरेजातही मराठी माणसाला आपल्या घरचे एखादे भांडे सापडते. असो.

उस्तादांनी मला चाकाजवळ बसवून जे दाखवले ते असे. हँडब्रेकच्या दांड्याखाली दात्यांची एक चकती असते. दांडा ओढला, की एक खिटी एकेका दात्यात पडते आणि तोच 'कट्' आवाज आपण ऐकतो. दांड्यापासून पोलादी तार गाडीच्या पोटाखालून मागच्या दोन्ही चाकांकडे जाते. चाकात लोखंडी ड्रम असतो, चाकाबरोबर फिरणारा; त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू, न फिरणारे. शूच्या पाठीवर घर्षणाचा थर चिकटवलेला, त्याला गॅरेजात लायनर म्हणतात. तार ओढली गेली, की आतला एक लहान दांडा दोन्ही शू फाकवतो आणि लायनर ड्रमला आतून दाबून धरतो. शाळेत 'घर्षण' हा धडा मराठीतून शिकताना लाकडी ठोकळा आणि तराजूतली वजने यांपलीकडे मी काही पाहिले नव्हते. ते घर्षण इथे हाताला लागले.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ओम्नीसारख्या गाडीत पायाचा ब्रेक दाबला, की तेलाच्या दाबाने फाकतात ते हेच शू. शू तेच, लायनर तेच, ड्रम तोच. फक्त बोलावणारे दोन. त्यामुळे दांडा जास्त वर येऊ लागला तर त्याची कारणे दोन असू शकतात. तार ताणून लांब झाली असेल, किंवा लायनर झिजून शू आणि ड्रम यांतले अंतर वाढले असेल. बाहेरून दोन्हींचे लक्षण एकच. आणि तारेच्या टोकाचा नट आवळला, की दोन्ही प्रकारांत दांडा घट्ट होतो!

हे ऐकताना मला एकदम वहीखाते आठवले. तेरीज जुळत नाही, वेळ थोडा आहे, तेव्हा फरकाची रक्कम उचंत खात्याला टाकायची आणि दोन्ही बाजूंची बेरीज सारखी करून घ्यायची, हे आम्हाला शिकवतात. पण त्याचबरोबर प्राध्यापक हेही सांगतात, की उचंत खाते म्हणजे चूक सापडल्याची नव्हे, ती अजून सापडायची असल्याची नोंद आहे. तारेचा नट हे हँडब्रेकचे उचंत खाते. त्या गॅरेजातल्या माणसाने फरक तिथे टाकला, बेरीज जुळवून दिली आणि वही मिटली.

ड्रम उघडल्यावर चूक सापडली. एक सोडून दोन. उजव्या चाकाचे लायनर झिजून पातळ झाले होते. डाव्या चाकाचे जाड होते, पण ओले. ब्रेकचे तेल ज्यातून दाब देते तो चाकातला छोटा सिलेंडर झिरपत होता आणि लायनर तेल प्यायले होते. तेलकट लायनर कितीही जोराने दाबा, ते ड्रमवर घसरणारच. म्हणजे गाडी उभी होती ती एका चाकाच्या, तेही पातळ लायनरच्या भरवशावर. थोडा हिशेब मांडते. माल आणि माणसे धरून गाडीचे वजन १,२०० किलो धरू. दहा फुटांना एक फूट असा उतार असेल, तर गाडीला खाली ओढणारे बल साधारण १२० किलो वजनाइतके होते. सहा फुटांना एक फूट असेल तर जवळजवळ २००. सपाट गल्लीत हे बल शून्य. काचीगुड्यात पास झालेला ब्रेक बंजारा हिल्सला नापास का झाला, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

तार वाजवीपेक्षा जास्त आवळल्याने आणखी एक नुकसान झाले होते. अनेक गाड्यांत दोन शूंच्या मध्ये एक दातेरी पट्टी असते. लायनर झिजेल तशी ती दात्यादात्याने पुढे सरकून अंतर आपणहून भरून काढते. पण त्यासाठी दांडा खाली असताना शू पूर्ण मागे जाऊन टेकले पाहिजेत. तार ताणलेली राहिली, की ते अर्धवट फाकलेलेच राहतात आणि पट्टीचे काम थांबते. वर उजवे चाक चालताना ड्रमला घासत राहिले. गाडी फिरून आली, की त्या चाकाजवळ जळका वास यायचा. तो मामाला फराळाच्या तेलाचा वाटला.

दुरुस्तीचा क्रम मी वहीत लिहून घेतला आहे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी तो लक्षात ठेवावा. स्वतः करण्यासाठी नसला, तरी मेकॅनिकला चार प्रश्न विचारण्यासाठी. आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. कारण मागची चाके उचलायची आणि हँडब्रेक सोडायचा, म्हणजे गाडीला धरणारे दुसरे काही उरत नाही. गाडी जॅकने उचलावी, पण जॅकवर ठेवू नये. खाली भक्कम स्टँड द्यावेत. मग दांडा पूर्ण खाली आणि तारेचा नट ढिला. होय, ढिला! बहुतेकांना इथेच नवल वाटते. जिथे आवळायचे तिथे आधी सैल करायचे. त्यानंतर ड्रम काढून आतले पाहायचे. आतली काळी भुकटी फुंकून उडवू नये, हवेच्या पाइपने तर नाहीच. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. उस्ताद ओल्या फडक्याने पुसतात. सिलेंडर झिरपत असेल तर तो आधी दुरुस्त करायचा, नाहीतर नवे लायनरही तेलातच जायचे. शू बदलले तर दोन्ही चाकांचे एकदम बदलावे; एक नवे आणि एक जुने म्हणजे गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते. सिलेंडर उघडल्यामुळे तेलात शिरलेली हवा काढून टाकायची. ड्रम बसवून पायाचा ब्रेक बऱ्याच वेळा दाबायचा, म्हणजे शू आपापल्या जागी येतात. आणि हे सगळे झाल्यावर, सर्वांत शेवटी, तारेचा नट.

नट किती आवळायचा, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत 'कट्'च्या संख्येत दिलेले असते आणि गाडीगणिक ते वेगळे असते. उस्तादांनी मामाच्या गाडीला पाच ठेवले. पहिल्या कट्ला चाक मोकळे फिरले पाहिजे, तिसऱ्याला घासू लागले पाहिजे, पाचव्याला हाताने फिरता कामा नये; आणि दांडा खाली सोडला, की दोन्ही चाके पुन्हा सारखीच मोकळी. एक मोकळे आणि एक जड फिरत असेल तर तार कुठेतरी आवरणात अडकते आहे. पावसाचे पाणी आत जाऊन गंज धरला, की असे होते. तेव्हा तार बदलणे हाच उपाय. शेवटी दुसरा नट पहिल्यावर घट्ट बसवायचा, म्हणजे धक्क्यांनी तो सैल होत नाही.

मग लक्षणांवरून रोग ओळखता येतो. कट् वाढत चालले, तर झीज किंवा ताणलेली तार. कट् तितकेच, पण चढावर गाडी सरकते, तर लायनरवर तेल, पाणी किंवा काचेसारखी आलेली चकाकी. दांडा ओढून सोडला आणि तो आपला आपण घसरला, तर दाते झिजले आहेत. दांडा खाली असून गाडी जड चालते, तर तार अडकली किंवा कोणीतरी उचंत खाते उघडले आहे!

या प्रकरणानंतर मी उभ्या गाड्यांच्या बातम्या वाचू लागले. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतील कठुआ स्थानकातून खडीने भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी चालकाशिवाय निघाली आणि उताराच्या जोरावर सत्तर किलोमीटरांहून अधिक अंतर धावून पंजाबातील ऊंची बस्सी येथे थांबवता आली. हातब्रेक न लावता ती उभी केली होती, असे प्राथमिक चौकशीत पुढे आले. कोणी दगावले नाही. कॅनडातील लाक-मेगांटिक गाव इतके सुदैवी नव्हते. ६ जुलै २०१३ च्या पहाटे खनिज तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी उतारावरून गावात घुसली आणि ४७ माणसे मेली. त्या गाडीला हातब्रेक लावलेले होते. सात हातब्रेक लावलेले होते आणि ते पुरेसे नव्हते. चालकाने ते तपासलेही होते. पण तपासताना इंजिनाचा हवेचा ब्रेक लागलेलाच होता, त्यामुळे गाडी हातब्रेकने धरली आहे असे त्याला वाटले. नंतर इंजिन बंद केले गेले, हवा हळूहळू गळाली आणि खरे काय ते उघड झाले.

हा चालक काही निष्काळजी म्हणून सोडून देता येत नाही. त्याने तपासले होते. सपाट गल्लीतला मामा आणि तो, दोघांनाही दुसऱ्याच कशाने तरी धरून ठेवलेली गाडी दिसत होती. हिशेबतपासनीस ज्या खात्याची तपासणी करतो त्याचाच दाखला पुरावा म्हणून घेत नाही, तो बँकेकडून वेगळा मागवतो. हँडब्रेकची तपासणीही अशीच वेगळी करावी लागते. दुसरे सगळे ब्रेक सोडून.

म्हणून उस्तादांनी गाडी दिली ती थेट घरी नेऊ दिली नाही. सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना, नौबत पहाडावर बिर्ला मंदिराकडे चढणाऱ्या रस्त्यावर आम्ही तिघे गेलो. गाडीच्या पुढे आणि मागे कोणी उभे राहायचे नाही, ही त्यांची पहिली अट. मामाने चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल केला आणि पाय ब्रेकवरून हळूहळू उचलला. पण तिथेच अधांतरी ठेवला. गाडी हलली नाही. मग तोंड उताराकडे करून पुन्हा तेच. तीही हलली नाही. "अब गेअर में डालो," उस्ताद म्हणाले. ब्रेक इतका चांगला लागल्यावर गिअर कशाला, असे मामाच्या तोंडावर आले होते; पण त्याने ते गिळले आणि रिव्हर्स टाकला. उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स, चढाकडे असेल तर पहिला, आणि पुढची चाके अशी वळवलेली, की गाडी सुटलीच तर ती रस्त्याच्या कडेच्या दगडाला टेकतील. ब्रेक सुटला तर इंजिन धरील, इंजिनानेही सोडले तर दगड धरील.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे, हे मला नंतर कळले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालकाच्या जागी परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावल्याशिवाय किंवा गाडी आपोआप सुरू होणार नाही अशी अन्य तजवीज केल्याशिवाय ती सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १५ व्या नियमात परवान्याच्या चाचणीत काय काय पाहायचे ते दिले आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा किंवा पायाच्या ब्रेकचा योग्य उपयोग करून, मागे न घसरता पुन्हा सुरू करता येणे हे त्यात आहे. आमच्या वर्गातल्या ज्यांनी नुकताच परवाना काढला त्यांना मी विचारले. आठच्या आकड्याबद्दल आणि 'एच'बद्दल सर्वजण तासभर बोलतात; चढाबद्दल "तो काय, होऊन जातो" म्हणतात.

नव्या गाड्यांत दांडाच नसतो. एक बटण दाबले, की छोटी मोटर ब्रेक लावते. २००१ साली एका महागड्या जर्मन गाडीत आलेली ही सोय आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही दिसते. मोठ्या बसगाड्यांची रीत तर उलटीच आहे. तिथे उभे राहण्याचा ब्रेक एक दणकट स्प्रिंग लावते आणि हवेचा दाब तो सोडवतो. हवा गेली तर गाडी सुटत नाही, उलट जखडते. मला ही कल्पना फार आवडली. पण ओम्नीत स्प्रिंग नाही, बटण नाही. दांडा आहे आणि तार आहे.

पावसाळ्यात एक काळजी उलट दिशेने घ्यावी लागते. गाडी आठवडेच्या आठवडे बंद ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओलीने गंज धरून लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये घालून, चाकांना ठोकळे लावून ती ठेवावी. आमच्या शेजारच्यांची गाडी दोन महिन्यांनी सुरू केली तेव्हा मागची चाके फिरेनात, नुसती फरफटत आली.

मामाने आता गाडीत एक छोटी वही ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दांड्याचे कट् मोजून तो लिहितो. रकाने मी आखून दिले आहेत, तारीख, किलोमीटर, कट् आणि शेरा. पहिले तीन महिने पाच होते, मग दोन महिने सहा. शेऱ्याच्या रकान्यात आजी मधूनच मालाचा हिशेब लिहिते, त्याला इलाज नाही. या महिन्यात सात भरले. उस्तादांकडे शनिवारी जायचे ठरले आहे. शुक्रवारी ते गॅरेज बंद ठेवतात.